प्रोसेसर बदलावा की संगणक?

संगणक मंदावला की पहिला संशय प्रोसेसरवर जातो. बटण दाबल्यापासून पडदा कामाला तयार होईपर्यंत चहाचा कप रिकामा होतो, ब्राउझरच्या पाच-सात खिडक्या उघडल्या की माऊस अडखळू लागतो, आणि मग ओळखीतला कोणीतरी जाणकार निदान करतो, ‘प्रोसेसर जुना झाला, नवा टाका.’ काही वेळा हे निदान अचूक असते. बहुतेक वेळा नसते. खर्च मात्र दोन्ही वेळा सारखाच होतो.

एरवी हा प्रश्न हौशी मंडळींपुरता राहिला असता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चे नियमित पाठबळ थांबवले आणि तो घरोघरी, लहान कार्यालयांत, डीटीपी केंद्रांत आणि शिकवणी वर्गांत येऊन पोहोचला. ‘विंडोज ११’ कोणत्या प्रोसेसरांवर चालेल, याची यादी कंपनीने ठरवून दिली आहे. इंटेलच्या बाबतीत ती सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते आणि एएमडीच्या बाबतीत रायझन २००० मालिकेपासून. त्यातही काही अपवाद आहेत. म्हणजे २०१७ च्या मध्यापर्यंत घेतलेला जवळपास प्रत्येक संगणक यादीबाहेर पडतो, मग तो कितीही नेटका चालत असो. घरगुती ग्राहकांसाठी ‘विंडोज १०’ची वाढीव सुरक्षा-सुविधा जाहीर झाली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. त्यामुळे केवळ प्रोसेसर बदलून जुना संगणक पुढे चालवता येईल का, हा प्रश्न वेगाइतकाच सुरक्षिततेचाही झाला आहे.

त्याचे उत्तर प्रोसेसरच्या वयात सापडत नाही. ते दोन ठिकाणी शोधावे लागते : संगणक नेमका कशासाठी खोळंबतो आहे आणि त्याचा मदरबोर्ड पुढचा कोणता प्रोसेसर स्वीकारतो.

मेगाहर्ट्झची जुनी सवय

प्रोसेसर बदलला की संगणक धावू लागतो, ही समजूत अगदीच निराधार नाही. ती एका विशिष्ट काळातून आलेली आहे. १९९३ मध्ये इंटेलचा पहिला पेंटियम बाजारात आला तेव्हा त्याचा वेग ६० आणि ६६ मेगाहर्ट्झ होता. मार्च २००० मध्ये एएमडी आणि इंटेल या दोघांनी दोन दिवसांच्या अंतराने एक गिगाहर्ट्झचा टप्पा गाठला. सात वर्षांत पंधरा पट! त्या काळात दोन-तीन वर्षांनी प्रोसेसर बदलणाऱ्याला फरक डोळ्यांना दिसत असे. पुढे नोव्हेंबर २००४ मध्ये पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झवर पोहोचला आणि तिथेच थबकला. उष्णता आवरेना. ‘तेजस’ या भारतीय वाटणाऱ्या नावाचा पुढचा प्रोसेसर इंटेलने त्याच वर्षी सोडून दिला. २०२४ मध्ये आलेल्या कोअर आय९-१४९००केएस या प्रोसेसरचा कमाल वेग ६.२ गिगाहर्ट्झ आहे. म्हणजे वीस वर्षांत दोन पटही वाढ नाही.

याचा अर्थ प्रगती थांबली असा नाही. एका चिपवरील कोअरची संख्या वाढली, शिवाय प्रत्येक कोअर घड्याळाच्या एका ठोक्यात पूर्वीपेक्षा अधिक काम उरकू लागला. पण ही प्रगती खोक्यावरच्या गिगाहर्ट्झच्या आकड्यात दिसत नाही. २०१२ चा ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २०२२ चा ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. उलट एकाच पिढीतल्या ३ आणि ३.४ गिगाहर्ट्झच्या दोन प्रोसेसरांत रोजच्या कामात जाणवेल असा फरक क्वचितच असतो. ‘आय५’ आणि ‘आय७’ या नावांचेही तसेच आहे. चौथ्या पिढीतल्या आय७ मध्ये चार कोअर होते. बाराव्या पिढीतल्या आय३-१२१०० या साध्या प्रोसेसरमध्येही चारच आहेत, पण कामाला तो कितीतरी उजवा आहे. तेव्हा पाहायची ती पिढी, आणि तीही कामाच्या संदर्भात.

खोळंबा कशाचा?

जीन अ‍ॅम्डाल या अमेरिकी अभियंत्याने १९६७ मध्ये मांडलेला एक साधा विचार इथे उपयोगी पडतो. एखाद्या कामाचा जेवढा भाग आपण वेगवान करू, तेवढ्याच भागापुरता लाभ मिळतो. उरलेला भाग पूर्वीइतकाच वेळ खातो. समजा, हिशेबाची एक मोठी फाईल उघडायला ४० सेकंद लागतात. त्यांपैकी ३० सेकंद हार्ड डिस्कवरून माहिती वाचण्यात जातात आणि १० सेकंद प्रोसेसरच्या कामात. दुप्पट वेगाचा प्रोसेसर बसवला तर एकूण वेळ ३५ सेकंदांवर येईल. तोच प्रोसेसर ठेवून हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली आणि वाचनाचे ३० सेकंद तीनवर आले, तर फाईल १३ सेकंदांत उघडेल.

हे उदाहरण कल्पित असले तरी त्यातले प्रमाण अवास्तव नाही. मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणाऱ्या हार्ड डिस्कला तबकडीवरची एखादी नोंद शोधायला दहा मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्यामुळे तोच वेळ एका मिलिसेकंदाच्या दशांशाच्या आसपास येतो. संगणक सुरू होताना अशा हजारो लहान नोंदी वाचल्या जातात. दहा वर्षांचा संगणक ‘पुन्हा तरुण झाला’ असे लोक म्हणतात, तेव्हा दहापैकी आठ-नऊ वेळा त्यामागे एसएसडी असते. हार्ड डिस्कवर विंडोज चालवणाऱ्या कोणीही प्रोसेसरचा विचार त्यानंतरच करावा.

निदान करायला पैसे पडत नाहीत. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की विंडोजचा टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’ या भागात प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि ग्राफिक्स यांचे आलेख चालू असतात. ज्या कामात संगणक रेंगाळतो ते काम सुरू करून हे आलेख काही मिनिटे पाहावेत. डिस्क शंभर टक्क्यांवर आणि प्रोसेसर वीस-तीसवर दिसत असेल तर दोष डिस्ककडे जातो. मेमरी नव्वदीपलीकडे जाऊन तिथेच राहत असेल तर रॅम अपुरी आहे. चार जीबी रॅममध्ये आजचा ब्राउझरसुद्धा मोकळेपणाने चालत नाही.

एका फसगतीपासून मात्र जपावे. टास्क मॅनेजर प्रोसेसरच्या वापराचा जो एकच आकडा दाखवतो तो सरासरीचा असतो. चार कोअरच्या साध्या प्रोसेसरमध्ये एक कोअर पूर्ण राबत असेल आणि तीन रिकामे असतील, तर आकडा येतो २५ टक्के. पाहणाऱ्याला वाटते, प्रोसेसर तर निवांत आहे. प्रत्यक्षात चालू असलेले सॉफ्टवेअर एकाच कोअरवर चालणारे असते आणि तो कोअर त्याच्या मर्यादेला टेकलेला असतो. आलेखावर उजवे बटण दाबून ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ हा पर्याय निवडला की प्रत्येकाचा वेगळा आलेख दिसतो आणि हा प्रकार उघड होतो. अशा वेळी अधिक कोअरचा प्रोसेसर घेऊन काही साधत नाही. एकेका कोअरचा वेग जास्त असलेला, म्हणजे नव्या पिढीतला प्रोसेसर लागतो. व्हिडीओचे रूपांतर किंवा त्रिमितीय चित्रांचे रेंडरिंग करणाऱ्यांचे सगळे आलेख एकदम माथ्याला भिडतात. तिथे कोअरची संख्या कामी येते.

त्याच पानावर प्रोसेसरचा चालू वेगही दिसतो. पूर्ण काम चालू असताना हा आकडा ‘बेस स्पीड’च्याही खाली घसरत असेल तर बहुधा प्रोसेसर तापतो आहे आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आहे. आठ-दहा वर्षे न उघडलेल्या कॅबिनेटमध्ये पंख्याच्या पात्यांवर धुळीचा थर जमलेला असतो, कूलर आणि प्रोसेसर यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळून खडखडीत झालेली असते. एप्रिल-मे महिन्यांत बंद खोलीत चालणाऱ्या संगणकाला याचा फटका अधिक बसतो. सफाई करून नवी पेस्ट लावण्याचा खर्च प्रोसेसरच्या तुलनेत नगण्य आहे.

वेग कमी झाल्याची आणखी एक तक्रार खरी आहे आणि तिचे कारण वापरकर्त्याच्या हातचे नव्हते. जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ या नावांनी प्रोसेसरच्या रचनेतल्याच त्रुटी उघड झाल्या. त्या बुजवण्यासाठी दिलेल्या दुरुस्त्यांमुळे जुन्या प्रोसेसरांचे काम काही प्रमाणात मंदावले. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या व त्याआधीच्या प्रोसेसरांवर हा परिणाम जाणवण्याजोगा असेल, असे मायक्रोसॉफ्टनेच तेव्हा सांगितले होते. ‘आधी बरा चालायचा’ ही आठवण त्यामुळे नेहमीच मनाचा खेळ नसते.

खेळांसाठी संगणक वापरणाऱ्यांना आणखी सोपी कसोटी आहे. खेळाचे रेझोल्यूशन कमी करून पाहावे. दर सेकंदाच्या फ्रेम लक्षणीय वाढल्या तर अडसर ग्राफिक्स कार्डाचा आहे. फ्रेम जिथल्या तिथे राहिल्या तर मात्र प्रोसेसरकडे बोट दाखवता येते. २०१६ च्या जीटीएक्स १०५० टीआय या कार्डासोबत महागातला प्रोसेसर जोडणाऱ्याच्या पदरी बहुतेक खेळांत निराशाच येते.

एकाच वर्षातले दोन संगणक

मोजमापात प्रोसेसरच दोषी ठरला, किंवा ‘विंडोज ११’साठी तो बदलणे भाग पडले, की दुसरा प्रश्न उभा राहतो : मदरबोर्ड काय स्वीकारेल? तो समजून घ्यायला २०१७ मध्ये घेतलेले दोन संगणक शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरते. एकात इंटेलचा कोअर आय५-७४००, दुसऱ्यात एएमडीचा रायझन ५ १६००. दोन्ही त्या वर्षीच्या मध्यमवर्गीय अंदाजपत्रकात बसणारे, दोन्ही ६५ वॅटचे आणि दोन्ही ‘विंडोज ११’च्या यादीबाहेरचे.

आय५-७४०० हा सातव्या पिढीतला चार कोअरचा प्रोसेसर. त्याचा कमाल वेग ३.५ गिगाहर्ट्झ. तो ‘एलजीए ११५१’ या सॉकेटमध्ये बसतो आणि सोबत बहुधा बी२५० चिपसेटचा बोर्ड असतो. या बोर्डवर सहावी आणि सातवी पिढी चालते, त्यापुढे नाही. तेव्हा बढतीची शेवटची पायरी म्हणजे आय७-७७०० किंवा त्याचा ‘के’ हे अक्षर जोडलेला भाऊबंद. आय७-७७०० चा कमाल वेग ४.२ गिगाहर्ट्झ. पिढी तीच असल्यामुळे प्रत्येक ठोक्यातले काम तेवढेच. म्हणजे एका कोअरवर चालणाऱ्या कामात लाभ फार तर २० टक्क्यांचा. कोअर चारच राहतात, फक्त थ्रेड चारांचे आठ होतात आणि सर्व कोअर राबवणाऱ्या कामात त्याची काहीशी भर पडते. एवढे करून ‘विंडोज ११’च्या दृष्टीने तो संगणक होता तिथेच राहतो, कारण आय७-७७०० हाही सातव्या पिढीचाच.

त्यातली खरी टोचणी पुढे आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये, म्हणजे सातव्या पिढीनंतर अवघ्या नऊ-दहा महिन्यांत, इंटेलचे आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर आले. आय५-८४०० मध्ये सहा कोअर होते. सॉकेटही ‘एलजीए ११५१’च होते, संपर्कबिंदूंची संख्या तीच. पण वीजपुरवठ्याच्या काही जोडण्या बदलल्याचे सांगून कंपनीने त्यासाठी ३०० मालिकेतल्या चिपसेटचा नवा बोर्ड आवश्यक ठरवला. सॉकेटचे नाव पाहून जुन्या बाजारातून आठव्या पिढीचा प्रोसेसर आणणाऱ्याचा संगणक सुरूच होत नाही, तो यामुळे. ‘विंडोज ११’ची यादी जिथून सुरू होते, नेमक्या त्याच उंबरठ्यावर हा बोर्ड थांबतो. शिवाय एखाद्या सॉकेटवरच्या सर्वांत वेगवान प्रोसेसरची किंमत जुन्या बाजारातही सहसा लवकर उतरत नाही, कारण त्या सॉकेटवर अडकलेले सगळेच त्याच्या शोधात असतात. २० टक्क्यांसाठी ते पैसे मोजणे शहाणपणाचे नाही.

आता दुसरा संगणक. रायझन ५ १६०० हा सहा कोअर, बारा थ्रेडचा, कमाल ३.६ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ‘एएम४’ या सॉकेटमध्ये बसतो. हे सॉकेट २०१६ मध्ये आले. त्याला २०२० पर्यंत पाठबळ देण्याची एएमडीची भाषा होती. मे २०२० मध्ये कंपनीने नव्या रायझन ५००० मालिकेसाठी ५०० मालिकेतलाच बोर्ड लागेल असे जाहीर केले. त्यावर ग्राहक भडकले, कंपनीने माघार घेत ४०० मालिकेच्या बोर्डांना वाट करून दिली आणि २०२२ मध्ये ३०० मालिकेच्या जुन्या बोर्डांनाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रायझन ५ ५६०० बाजारात आला : सहा कोअर, बारा थ्रेड, कमाल ४.४ गिगाहर्ट्झ आणि वीजमर्यादा तीच, ६५ वॅटची.

कागदावर कोअर तेवढेच दिसतात, पण मधल्या काळात आतली रचना दोनदा मुळापासून सुधारली गेली. एका ठोक्यातल्या कामात २०१९ मध्ये सुमारे १५ टक्के आणि २०२० मध्ये १९ टक्के वाढ झाल्याचा एएमडीचा दावा आहे आणि स्वतंत्र चाचण्यांनी तो सर्वसाधारणपणे उचलून धरला. त्याआधीची किरकोळ सुधारणा आणि घड्याळाचा वाढलेला वेग हिशेबात घेतला, तर एका कोअरच्या कामात सुमारे ७० टक्क्यांची झेप पडते. शेजारच्या इंटेल संगणकाला जास्तीत जास्त २० टक्के मिळत होते, हे इथे आठवावे. आणि रायझन ५ ५६०० हा ‘विंडोज ११’च्या यादीत आहे. लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असून बायोसमधून ती चालू करता येते.

बोर्ड तोच, रॅम तीच, एसएमपीएस तोच. खोकाबंद प्रोसेसरसोबत कूलरही मिळतो. एक सुटा भाग बदलून नऊ-दहा वर्षांचा संगणक पुढची चार-पाच वर्षे मार्गी लागतो. जुन्या संगणकांच्या बाबतीत इतका सरळ सौदा फारसा पाहायला मिळत नाही. केवळ खेळांसाठी संगणक असेल आणि ग्राफिक्स कार्ड तोलामोलाचे असेल, तर त्याच सॉकेटवरचा रायझन ७ ५८००एक्स३डी हाही विचारात घेण्याजोगा. मात्र तो १०५ वॅटचा, त्याच्या खोक्यात कूलर नसतो आणि स्वस्तातल्या बोर्डांना तो झेपेलच असे नाही.

पेचकस उचलण्यापूर्वी

सौदा सरळ असला तरी काम आंधळेपणाने करण्याजोगे नाही. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक मॉडेलसाठी चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते आणि कोणता प्रोसेसर बायोसच्या कोणत्या आवृत्तीपासून चालतो हेही तिथे दिलेले असते. मॉडेलचे नाव अक्षरन् अक्षर जुळवावे. चिपसेट सारखा असला तरी दोन बोर्डांचे पाठबळ सारखे असतेच असे नाही.

बायोस अद्ययावत करायचे ते जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. नवा बसवल्यावर पडदाच उजळला नाही तर अद्ययावत करायचे कशावरून? हे काम चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून संगणक यूपीएसवर असावा आणि त्या यूपीएसची बॅटरी खरोखर टिकते याची खात्री आधीच करून घ्यावी. काही जुन्या बोर्डांवर बायोसची चिप लहान असल्यामुळे नव्या प्रोसेसरांना जागा देताना अगदी जुन्यांचे पाठबळ काढून टाकले जाते. अशा बोर्डवर परतीचा रस्ता उरत नाही.

ज्यामुळे खरे नुकसान होते ती चूक वेगळीच आहे. डिस्क ‘बिटलॉकर’ने किंवा विंडोजच्या ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ने कुलूपबंद असेल, तर तिची किल्ली अनेकदा प्रोसेसरमधल्या टीपीएममध्ये जपलेली असते. प्रोसेसर काढला की किल्लीही गेली. नव्या प्रोसेसरसह संगणक सुरू होतो आणि ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ मागतो. ती लिहून ठेवलेली नसेल आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्यातही साठवलेली नसेल, तर मुलांचे फोटो, घराची कागदपत्रे, वर्षानुवर्षांचे हिशेब त्या डिस्कवर असूनही कायमचे नाहीसे होतात. कोणताही दुकानदार ते परत आणून देऊ शकत नाही. म्हणून प्रोसेसरला हात लावण्यापूर्वी कुलूप उघडावे किंवा स्थगित करावे, किल्ली कागदावर उतरवावी आणि महत्त्वाच्या फाईलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. दुकानात काम देतानाही हे घरीच उरकून जावे.

‘एएम४’ प्रोसेसरच्या पोटाला १,३३१ नाजूक पिना असतात. वाळलेल्या पेस्टमुळे कूलर प्रोसेसरला घट्ट चिकटतो आणि जोर लावून ओढला तर बंद सॉकेटमधून प्रोसेसरच उपटून हाती येतो, वाकलेल्या पिनांसकट. संगणक आधी पंधरा-वीस मिनिटे चालवून पेस्ट मऊ होऊ द्यावी, मग संगणक बंद करून, वीजजोडणी काढून कूलर डावी-उजवीकडे हलके फिरवत सोडवावा. इंटेलच्या डेस्कटॉप बोर्डांवर २००४ पासून पिना सॉकेटमध्ये असतात. तिथे प्रोसेसर तिरका पडला तर बोर्डाचेच नुकसान होते.

‘विंडोज ११’साठी आणखी एक अडथळा येतो. २०१७ च्या सुमारास असेंबल केलेल्या अनेक संगणकांत विंडोज जुन्या ‘लेगसी’ पद्धतीने भरलेली असते आणि ‘सिक्युअर बूट’ तिच्यासोबत चालत नाही. डिस्कची मांडणी बदलण्यासाठी मायक्रोसॉफ्टनेच एमबीआर२जीपीटी हे साधन दिले आहे. त्यात माहिती पुसली जात नाही. तरीही प्रत हाताशी असावी. फक्त प्रोसेसर बदलल्याने विंडोजचा परवाना सहसा बाधित होत नाही. मदरबोर्ड बदलला तर मात्र यंत्रासोबत आलेला परवाना गमावण्याची शक्यता असते आणि तो खर्च हिशेबात धरायला लोक विसरतात.

इतरांसाठी

लॅपटॉपच्या मालकांना ही सारी चर्चा लागू नाही. इंटेलच्या चौथ्या पिढीनंतर लॅपटॉपचे प्रोसेसर जवळपास सरसकट बोर्डवर झाळलेलेच येऊ लागले. तिथे एसएसडी आणि जागा असल्यास रॅम, एवढेच हाती उरते. नामांकित कंपन्यांच्या तयार डेस्कटॉपमध्ये सॉकेट असते, पण बायोस त्या कंपनीच्या मर्जीचे आणि एसएमपीएस बेताचा. काही कंपन्यांच्या एएमडी यंत्रांतले प्रोसेसर तर त्याच कंपनीच्या बोर्डाला कायमचे जखडलेले असतात. जुन्या बाजारात सुटा मिळणारा असा प्रोसेसर दुसऱ्या बोर्डवर चालत नाही. तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, अधिकृत नावाने डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, वापरलेला प्रोसेसर स्वस्तात दिसला तर तो दुसऱ्या बोर्डवर चालवून दाखवायला सांगावे. नवा घ्यायचा तर खोकाबंद घ्यावा, जीएसटीच्या पक्क्या पावतीसह. इंटेल आणि एएमडी अशा प्रोसेसरांना ३ वर्षांची हमी देतात. सुट्या, ‘ट्रे’ मालाची हमी बहुधा विक्रेत्याच्या शब्दावर असते.

अलीकडचा, म्हणजे इंटेलच्या बाराव्या पिढीचा संगणक असलेल्यांना ‘एलजीए १७००’ या सॉकेटवर तेराव्या आणि चौदाव्या पिढीपर्यंत जाता येते. आय३-१२१०० कडून दहा कोअरच्या आय५-१३४०० कडे जाणे अनेक कोअर वापरणाऱ्या कामासाठी भरघोस लाभाचे आहे. मात्र या दोन पिढ्यांतल्या काही प्रोसेसरांमध्ये २०२४ साली अस्थिरतेचा दोष आढळला. इंटेलने त्यावर बायोसद्वारे दुरुस्ती दिली आणि हमीची मुदतही दोन वर्षांनी वाढवली. त्यामुळे तिथे बायोस आधी, प्रोसेसर नंतर. वापरलेला आय७ किंवा आय९ तर टाळलेलाच बरा.

नवा प्रोसेसर वीज वाचवतो म्हणून तो घ्यावा, असाही युक्तिवाद ऐकू येतो. ३० वॅटची बचत, रोजचे आठ तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर ७२ युनिट होतात. युनिटला १० रुपये धरले तरी वर्षाला ७२० रुपये. एवढ्यासाठी खरेदी करण्यात अर्थ नाही.

खरा तुलनेचा आकडा दुसराच असतो : प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम असा तिहेरी बदल करायला काय पडेल? एएमडीचे ‘एएम५’ हे सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आले ते फक्त डीडीआर५ रॅम घेऊनच, म्हणजे जुनी डीडीआर४ रॅम तिथे निरुपयोगी ठरते. त्यात २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांच्या मागणीपायी मेमरीचे भाव झपाट्याने चढले. हाती असलेली रॅम टिकवून फक्त प्रोसेसर बदलणे या परिस्थितीत अधिकच किफायतशीर ठरते. दोन्ही पर्यायांची लेखी कोटेशने घ्यावीत. एकट्या प्रोसेसरचा खर्च तिहेरी बदलाच्या एकतृतीयांशाच्या आत असेल आणि मिळणारी वाढ निम्म्याहून अधिक असेल, तर पुढे जायला हरकत नसावी. खर्च निम्म्यापर्यंत जाऊन वाढ २०-२५ टक्क्यांचीच मिळत असेल तर पैसे साठवून ठेवावेत.

मग त्या आय५-७४०० च्या संगणकाचे काय करायचे? एसएसडी आणि आठ जीबी रॅम असेल तर पत्रव्यवहार, ब्राउझिंग आणि मुलांचा अभ्यास यांना तो आजही पुरतो. त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू भरली की सुरक्षा-दुरुस्त्यांचा प्रश्न सुटतो. युनिकोडमधले मराठी टंकलेखनही दोहोंत विनासायास होते. अडचण येते ती हार्डवेअर लॉकवर चालणाऱ्या जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरची आणि विंडोजसाठीच बनलेल्या हिशेबाच्या पॅकेजांची. डीटीपी केंद्रांनी आणि लेखापालांनी अशा एखाद्या यंत्राची इंटरनेट जोडणी काढून ते तेवढ्याच कामाला राखून ठेवावे आणि बँकेचे व्यवहार, कर-विवरणपत्रे, ई-मेल दुसऱ्या, पाठबळ चालू असलेल्या संगणकावर न्यावेत. पेन ड्राइव्हने फाईल नेआण करताना ती दर वेळी त्या दुसऱ्या संगणकावर तपासून घ्यावी.